आभासी वस्तूंची विक्री व निर्मात्याचे उत्पन्न : प्लॅटफॉर्म शुल्काच्या आकारणीचे विवेचन
(बारामती व इंदापूर तालुक्यांतील ऊसदर आणि अडत व्यवहारांच्या संदर्भात)

प्रस्तावना

बारामती व इंदापूर या तालुक्यांचे अर्थकारण प्रामुख्याने ऊस, फळबागा, दूध व भाजीपाला यांवर उभे आहे. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती, कर्मयोगी व नीरा-भीमा या साखर कारखान्यांच्या गाळपाकडे, जळोची येथील फळे-भाजीपाला बाजाराकडे आणि उजनीच्या पाणलोटाकाठी असलेल्या भिगवणच्या मासळी लिलावाकडे येथील हजारो कुटुंबांचे लक्ष असते. विकलेल्या मालाची पूर्ण किंमत उत्पादकाच्या हाती पडत नाही, मध्ये काही वजावट होते, हे या भागात शाळकरी मुलालाही ठाऊक असते. वजावट किती, ती कशावर धरली आणि कोणी ठरविली, हे तीन प्रश्न येथील उत्पादकाने अनेक दशके विचारले आहेत.

याच कुटुंबांतील मुले आज महाविद्यालयात संगणक, वाणिज्य व कला शाखांत शिकत आहेत. संगणकीय खेळांतील पोशाख, शस्त्रे, वाहने अशा आभासी वस्तू तयार करून जगभरच्या खेळाडूंना विकणे हा व्यवसाय त्यांच्या आवाक्यात आला आहे. संगणक, इंटरनेट व कौशल्य एवढ्या भांडवलावर तो सुरू करता येतो. परंतु ‘निर्मात्याला ७० टक्के’ अशी घोषणा वाचून हिशोब मांडणाऱ्या तरुणाला प्रत्यक्षात काय मिळते, हे समजून घेणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखात या शुल्काची रचना विशद करून तिची तुलना परिचित स्थानिक व्यवहारांशी केली आहे.

संकल्पना

खेळाच्या आत वापरली जाणारी, केवळ संगणकीय नोंदीच्या रूपात अस्तित्वात असलेली वस्तू म्हणजे आभासी वस्तू होय. ती ज्या व्यवस्थेत तयार होते, विकली जाते व वापरली जाते, त्या व्यवस्थेस प्लॅटफॉर्म म्हणतात. प्रत्येक विक्रीतून प्लॅटफॉर्म जो हिस्सा ठेवून घेतो, ते प्लॅटफॉर्म शुल्क. बाजार समितीतील अडत्याप्रमाणेच प्लॅटफॉर्म ग्राहक मिळवून देतो व पैसे वसूल करतो. मात्र दोहोंत एक मूलभूत भेद आहे. अडत्याकडील डाळिंब दुसऱ्या बाजारात नेता येते, तर एका खेळासाठी केलेला आभासी पोशाख त्या खेळाबाहेर चालत नाही. माल आणि बाजार असे एकमेकांस बांधलेले असल्याने निर्मात्याची घासाघीस करण्याची शक्ती मुळातच क्षीण असते.

सत्तर टक्के कशाचे?

रोब्लॉक्स हा या क्षेत्रातील सर्वपरिचित प्लॅटफॉर्म आहे. तेथील व्यवहार ‘रोबक्स’ या अंतर्गत चलनात होतात. निर्मात्याने स्वतःच्या खेळात विकलेल्या सुविधेच्या किमतीपैकी ७० टक्के रोबक्स त्यास मिळतात व ३० टक्के कंपनी ठेवते. येथवर आकारणी अडतीसारखीच सरळ वाटते. खरा फरक चलन बदलताना पडतो.

खेळाडू रोबक्स ज्या दराने विकत घेतो, त्या दराने निर्मात्यास ते डॉलरमध्ये बदलून मिळत नाहीत. मोबाइलवरून ४.९९ अमेरिकी डॉलर भरल्यास खेळाडूस ४०० रोबक्स मिळतात, म्हणजे एका रोबक्सची खरेदी किंमत सुमारे १.२५ सेंट होते. निर्मात्यास मात्र एका रोबक्सचे पूर्वी ०.३५ सेंट मिळत असत. सप्टेंबर २०२५ पासून कमावलेल्या रोबक्सना ०.३८ सेंट असा दर आहे. या दोन दरांतील अंतर ‘शुल्क’ या नावाने कोठेही दाखविले जात नाही.

हिशोब असा होतो. खेळाडूने ४.९९ डॉलर भरून ४०० रोबक्सची सुविधा घेतली. निर्मात्याच्या खाती २८० रोबक्स जमा झाले. नव्या दराने त्यांचे १.०६ डॉलर झाले. खेळाडूच्या खिशातून गेलेल्या रकमेच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे २१ टक्के आहे. घोषणेतील ७० टक्के व पदरातील २१ टक्के ही दोन्ही विधाने खरी आहेत. त्यांचा पाया तेवढा भिन्न आहे.

कंपनीच्या वार्षिक आकड्यांवरूनही हेच प्रमाण दिसते. २०२४ मध्ये खेळाडूंनी केलेली एकूण खरेदी सुमारे ४३७ कोटी डॉलर होती व निर्मात्यांना चुकती केलेली रक्कम ९२.३ कोटी डॉलर. हे गुणोत्तरही सुमारे २१ टक्केच येते.

या अंतराचा एक भाग मोबाइल अ‍ॅप-दुकानांच्या कमिशनमुळे निर्माण होतो. अ‍ॅपल व गुगल यांचा प्रचलित दर बराच काळ ३० टक्के राहिला आहे. २०२४ मध्ये रोब्लॉक्सने संकेतस्थळावरून व संगणकावरून खरेदी करणाऱ्यास त्याच पैशांत २५ टक्के अधिक रोबक्स देण्यास प्रारंभ केला. त्या मार्गाने ४.९९ डॉलरला ५०० रोबक्स मिळतात. ते सर्व एकाच निर्मात्याकडे खर्च झाल्यास त्यास ३५० रोबक्स, म्हणजे १.३३ डॉलर मिळतात. हे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. निर्मात्याचा ‘७० टक्के’ हा आकडा बदलला नाही, वस्तू बदलली नाही, केवळ खेळाडूने पैसे कोणत्या वाटेने भरले त्यावरून हिस्सा २१ वरून २७ झाला. यावरून अ‍ॅप-दुकानाचे शुल्क कागदोपत्री प्लॅटफॉर्म भरत असला तरी त्याचा भार निर्मात्यापर्यंत पोहोचतो, हे स्पष्ट होते.

आणखी एक अट लक्षात घेण्याजोगी आहे. किमान ३०,००० रोबक्स कमावल्याशिवाय रक्कम काढता येत नाही. १०० रोबक्सची सुविधा विकणाऱ्यास प्रत्येक विक्रीमागे ७० रोबक्स मिळतात. म्हणजे पहिले ११४ डॉलर हाती येण्यासाठी ४२९ विक्री व्हाव्या लागतात. ४०० विक्रीवर थांबलेल्या विद्यार्थ्याचे रोख उत्पन्न शून्य असते. शुल्काचा दर सर्वांना समान असला तरी अशा किमान मर्यादेचा भार लहान निर्मात्यावरच पडतो.

ऊसदराचे सूत्र : एक तुलना

बारामती-इंदापूरच्या वाचकास ७०:३० हे गुणोत्तर नवे नाही. डॉ. सी. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के, अथवा केवळ साखरेच्या उत्पन्नाचा ७५ टक्के वाटा ऊस उत्पादकास द्यावा असे सुचविले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊसदर विनियमनाचा कायदा करून महसूल विभागणीचे हे तत्त्व स्वीकारले. एकच सूत्र दोन टक्केवाऱ्यांत मांडले आहे याचे कारण प्रत्येक टक्केवारीचा पाया वेगळा आहे, आणि तो पाया कायद्यातच नमूद आहे.

वजावटीबाबतही असेच आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्यास रास्त व किफायतशीर दर प्रतिटन ३,५५० रुपये ठरला. महाराष्ट्रात त्यातून तोडणी व वाहतूक खर्च वजा होतो. हा खर्च उदाहरणादाखल ८५० रुपये धरल्यास शेतकऱ्याच्या खाती २,७०० रुपये जमा होतात. जाहीर दर व हाती पडणारा दर यांत अंतर येथेही आहे. तथापि, हे अंतर कशामुळे पडते ते शेतकऱ्यास माहीत असते. काट्याची तपासणी वैधमापन यंत्रणेकडून होऊ शकते. ऊस नियंत्रण मंडळावर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असतात. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार १४ दिवसांत रक्कम न दिल्यास १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. या तरतुदींची अंमलबजावणी नेहमीच समाधानकारक होते असे नाही आणि त्यासाठी आंदोलने करावी लागतात, परंतु मागणी कशाच्या आधारे करावी हे निश्चित असते. आभासी वस्तूच्या निर्मात्यापाशी असा आधार नाही. चलनबदलाचा दर, किमान मर्यादा व वाटणीचे नियम कंपनी स्वतः ठरविते आणि स्वतःच बदलते.

दृश्य शुल्क व अदृश्य शुल्क

व्हॉल्व्ह कंपनीच्या ‘स्टीम’ बाजारात निराळी पद्धत आढळते. तेथे खेळाडू आपसांत आभासी वस्तू विकतात. काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळांच्या वस्तूंवर स्टीमचे ५ टक्के व खेळाचे १० टक्के असे मिळून १५ टक्के शुल्क विक्रेत्याच्या रकमेवर वरून लागते. विक्रेत्यास १०० रुपये हवे असल्यास खरेदीदार ११५ भरतो. अर्थात, खरेदीदाराच्या रकमेच्या हिशोबाने हे शुल्क १३ टक्के ठरते. शुल्क स्पष्ट दिसते, परंतु विक्रीची रक्कम स्टीमच्या खात्यातच राहते, बँकेत काढता येत नाही. मिळकत त्याच दुकानात खर्च करण्याचे बंधन म्हणजे एक प्रकारचे शुल्कच होय.

मूळ वस्तू घडविणाऱ्याचा वाटा याहून वेगळा आहे. ‘टीम फोर्ट्रेस २’ या खेळात २०१० पासून बाहेरच्या कलावंतांच्या वस्तू विक्रीस घेण्यात आल्या व त्यांस २५ टक्के वाटा देण्यात आला. जानेवारी २०१५ पर्यंत अशा १,५०० हून अधिक निर्मात्यांना एकूण ५.७ कोटी डॉलर दिल्याचे कंपनीने जाहीर केले. तोच २५ टक्क्यांचा नियम एप्रिल २०१५ मध्ये ‘स्कायरिम’ खेळातील हौशी निर्मात्यांच्या भरीव बदलांना लावण्यात आला, तेव्हा ४५ टक्के बेथेस्डा व ३० टक्के व्हॉल्व्ह अशी उर्वरित वाटणी होती. खेळाडूंचा तीव्र विरोध झाल्याने ही योजना काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. एकच दर एका ठिकाणी स्वीकारला गेला व दुसऱ्या ठिकाणी नाकारला गेला. दराची रास्तता निव्वळ आकड्यावर ठरत नाही, हे यावरून दिसते.

शुल्क कोणी भरावे व कोणी ठरवावे?

महाराष्ट्रात २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. व्यापाऱ्यांनी संप पुकारला, चर्चा झाल्या, वृत्तपत्रांतून वाद रंगले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने शुल्क नावावर कोणाच्या आहे याहून त्याचा प्रत्यक्ष भार कोणावर पडतो हे महत्त्वाचे असते. खरेदीदाराने अडतीचा विचार करून बोलीच कमी लावली, तर भार पुन्हा उत्पादकाकडे सरकतो. ज्या पक्षास पर्याय कमी, त्याच्याकडे भार अधिक जातो. नाशवंत माल घेऊन आलेला शेतकरी व एकाच खेळापुरती वस्तू घडविणारा निर्माता या दोघांची स्थिती या बाबतीत सारखी आहे.

प्लॅटफॉर्मवर सार्वजनिक नियंत्रण अशक्य आहे असे मात्र नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलच्या अ‍ॅप-दुकानातील देयकविषयक अटींबद्दल ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात मार्च २०२५ मध्ये तो सुमारे २१६ कोटींवर आला. दरम्यान गुगलने भारतात पर्यायी देयकपद्धतीची मुभा दिली व ती वापरल्यास शुल्कात ४ टक्के अंकांची सूट ठेवली. या सुटीचे प्रमाण पाहता शुल्काचा मोठा भाग पैसे वसूल करण्याच्या सेवेसाठी नसून बाजारात जागा मिळण्यासाठी आकारला जातो, असा निष्कर्ष निघतो.

प्लॅटफॉर्मची बाजू

शुल्क ही निव्वळ लूट आहे असे म्हणणे एकांगी होईल. संगणकसेवा, सुरक्षितता, बालखेळाडूंसाठी देखरेख, भाषांतर, देयकव्यवस्था व कोट्यवधी ग्राहकांपर्यंत पोहोच यांचा खर्च प्लॅटफॉर्म उचलतो. इंदापूरच्या एखाद्या तरुणास स्वतःच्या बळावर ब्राझील वा जपानमधील ग्राहक मिळविणे जवळपास अशक्य आहे. अडत्या नको म्हणणाऱ्या शेतकऱ्यासही उधारी वसूल करणारा व माल खपविणारा कोणी तरी लागतोच. सेवेस मोल आहे, याबद्दल वाद नाही. ते मोल उघड असावे व ठरविताना उत्पादकाचाही शब्द असावा, एवढाच मुद्दा आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन अध्यापकांस या विषयाचा उपयोग अंकगणित, खर्चलेखा व व्यवसाय अर्थशास्त्र या विषयांत करता येईल. विद्यार्थ्याने कोणताही प्लॅटफॉर्म निवडण्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे लेखी मांडावीत.

१. टक्केवारी ग्राहकाने भरलेल्या रकमेवर आहे की अंतर्गत चलनावर?
२. चलनाचा खरेदी दर व परतावा दर यांत किती अंतर आहे?
३. रक्कम बँकेत येते की प्लॅटफॉर्मच्या खात्यातच अडकते? किमान मर्यादा किती?
४. विदेशी चलनाचे रूपांतर, बँकेचे शुल्क व कर वजा जाता काय उरते?
५. वस्तू घडविण्यास लागलेल्या तासांनी भागल्यास तासाचा मोबदला किती पडतो?
६. नियम बदलल्यास वस्तू अन्यत्र विकता येईल काय?

यांपैकी पाचवा प्रश्न सर्वांत कठोर आहे. शुल्क नेहमी एकूण विक्रीवर लागते, नफ्यावर नव्हे. १०,००० रुपयांच्या मालावर ६ टक्के, म्हणजे ६०० रुपये अडत अल्प भासते. परंतु उत्पादनखर्च ७,००० रुपये असल्यास हीच रक्कम ३,००० रुपयांच्या शिलकीचा पाचवा हिस्सा ठरते. आभासी वस्तूत कच्चा माल नसल्याने खर्च शून्य वाटतो. प्रत्यक्षात निर्मात्याचा वेळ हाच तेथील उत्पादनखर्च आहे आणि तो कोणत्याही पावतीवर नोंदला जात नाही.

समारोप

प्लॅटफॉर्म शुल्काचा निर्मात्याच्या उत्पन्नावर होणारा परिणाम जाहीर टक्केवारीवरून कळत नाही. टक्केवारीचा पाया, वजावटीचा क्रम, चलनाचा दर, रक्कम काढण्याची मर्यादा व नियम बदलण्याचा अधिकार या पाच घटकांवर तो ठरतो. बारामती व इंदापूरच्या ऊस उत्पादकाने ‘दर किती’ एवढ्यावर न थांबता ‘उतारा किती, काटा कोणाचा, तोडणी-वाहतूक किती धरली’ असे विचारण्याची सवय दीर्घ अनुभवातून अंगी बाणवली. त्याच घरातील पुढची पिढी नव्या बाजारात माल घेऊन उतरत असताना ही सवय तिच्या हाती सोपविणे हे शिक्षकांचे काम आहे. त्यासाठी लागणारे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. घरात जपून ठेवलेली अडत्याची पट्टी व कारखान्याचे ऊसबिल विद्यार्थ्यास वर्गात आणावयास सांगितले, तरी पहिला पाठ सुरू होऊ शकतो.