व्हॉल्व्ह अॅम्प : दोष आणि तपासणी

ओळख
- पहिला व्हॉल्व्ह डायोड : १९०४, जॉन फ्लेमिंग. ट्रान्झिस्टर : १९४७, बेल लॅब्ज.
- प्रीअॅम्प व्हॉल्व्ह : आवाजाचा क्षीण सिग्नल वाढवतो. उदा. ईसीसी ८३; अमेरिकी नाव १२एएक्स७.
- आउटपुट व्हॉल्व्ह : स्पीकर चालवण्याची ताकद देतो. उदा. ईएल ८४, ईएल ३४, ६एल६.

लक्षण आणि संशयित भाग
- सतत घूं आवाज : १०० हर्ट्झचा असेल तर फिल्टर कपॅसिटर; ५० हर्ट्झचा असेल तर अर्थिंग किंवा हीटरची वायरिंग.
- नॉब फिरवताना खरखर : व्हॉल्यूम कंट्रोलमधली धूळ.
- पेन्सिलीने हलकेच टिचकी मारल्यावर टणत्कार : मायक्रोफोनिक झालेला व्हॉल्व्ह.
- प्लेट लालबुंद : बायस बिघडला. अॅम्प तत्काळ बंद.
- फ्यूज पुन्हा पुन्हा उडणे : शॉर्ट झालेला व्हॉल्व्ह, रेक्टिफायर किंवा ट्रान्सफॉर्मर. जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नये.

सोलापूरचा उन्हाळा
- एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जातो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते.
- अॅम्पच्या मागची हवेची वाट मोकळी ठेवावी.

धोका
- आत साधारण २५० ते ५०० व्होल्ट डीसी असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. तो रेझिस्टरमधून उतरवून मीटरने खात्री करावी.
- स्पीकर जोडल्याशिवाय अॅम्प चालवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.
- ४, ८ किंवा १६ ओहम : स्पीकर आणि सॉकेटचा आकडा जुळलेला हवा.