वीजजाळे, सायबर युद्ध आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

सायबर युद्धात वीजव्यवस्था हे पहिल्या काही लक्ष्यांपैकी एक असते. डिसेंबर 2015 मध्ये युक्रेनमध्ये हॅकरांनी उपकेंद्रांचे नियंत्रण बळकावून सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज तोडली. त्या दृष्टीने चंद्रपूर जिल्हा मोलाचा आणि म्हणूनच जोखमीचा आहे. येथील महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट आहे. तेथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे 750 किलोमीटरची उच्चदाब एकदिश वाहिनी जाते. जिल्ह्यातीलच भद्रावतीचे केंद्र पश्चिम आणि दक्षिण भारताची जाळी जोडते.

भारतातही अशा हल्ल्याचा संशय आला होता. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज गेली. पुढे 'रेकॉर्डेड फ्यूचर' या अमेरिकी कंपनीने भारतीय वीजसंस्थांमध्ये चिनी घुसखोरी झाल्याचा अहवाल दिला; मात्र त्या घुसखोरीमुळेच वीज गेली, हे सिद्ध झाले नाही. केंद्र सरकारने मानवी चूक हे कारण सांगितले.

कृत्रिम बुद्धिमत्ता हल्लेखोराला सॉफ्टवेअरमधील कच्चे दुवे झटपट शोधून देते आणि अस्सल वाटणारे मराठी ईमेलही लिहून देते. ही दुसरी गोष्ट अधिक घातक, कारण घुसखोरी बहुधा एका कर्मचाऱ्याच्या क्लिकने सुरू होते. बचावात तीच बुद्धिमत्ता संगणक जाळ्यातील माहितीची नेहमीची वाहतूक शिकते आणि वेगळी हालचाल दिसताच इशारा देते. इशारे खोटेही निघतात. म्हणून वीजनिर्मिती संच बंद करण्याचा निर्णय यंत्रावर सोडू नये. तो नियंत्रण कक्षातील अभियंत्याकडेच असावा. सैन्याच्या बाजूने सायबर बचावाची जबाबदारी तिन्ही दलांच्या संयुक्त संरक्षण सायबर संस्थेकडे आहे.