शंभर के मिळाला नाही तर?

घरी व्हॉल्व्हचा गिटार अँप्लिफायर बांधू पाहणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे: सर्किटच्या आकृतीत 100 केचा (म्हणजे किलोओहमचा) रेझिस्टर दाखवलाय, हाताशी आहे 120 केचा; चालेल का?

खुशाल. 12एएक्स7 या व्हॉल्व्हचा गुणक 100 आणि आतला रोध साधारण 62.5 किलोओहम. प्लेटला 100 के जोडला तर सिग्नल सुमारे 61 पट वाढतो, 120 केने 66 पट. फरक जेमतेम अर्धा डेसिबल. तो ओळखणारा कान मला अजून भेटायचा आहे. शिवाय रेझिस्टरवर चंदेरी पट्टा असला की दहा टक्के इकडेतिकडे चालते. म्हणजे जुना ‘अस्सल’ 100 केही 90 ते 110 मध्ये कुठेही असणार. ‘व्हिंटेज’ म्हणून चढ्या भावाने विकतात तो हाच.

पण 100 नंतर एकदम 120च का? 1870च्या दशकात शार्ल रेनार नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्यासमोर लष्करी फुग्यांच्या दोरांचा पसारा होता: 425 प्रकारचे दोर! रेनारने ते 17 वर आणले. युक्ती अशी, की पुढचे माप ठरावीक आकड्याने मोठे न ठेवता ठरावीक पटीने मोठे ठेवायचे. रेझिस्टरमध्येही हेच तत्त्व: 10 पासून 100 पर्यंत बारा समान पटी, प्रत्येक सुमारे 1.21. दहा टक्के धरून 100 वर सरकतो 110 पर्यंत, 120 खाली येतो 108 पर्यंत. मध्ये फट उरतच नाही. गंमत म्हणजे गिटारच्या फ्रेटही बारा समान पटींनीच बसवतात, फक्त तिथे बारा पायऱ्यांत दुप्पट होते, इथे दसपट.

आकड्याहून जागा महत्त्वाची. 1962 मध्ये लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानात फेंडर बासमन या अँप्लिफायरवरून पहिला मार्शल अँप्लिफायर घडला. घडवणारे केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन. पाटीवर नाव मात्र दुकानदाराचे! आउटपुटकडून मागे येणाऱ्या तारेतला 27 केचा रेझिस्टर त्यांनी तसाच ठेवला, पण तार ट्रान्सफॉर्मरच्या 2 ओहमऐवजी 16 ओहमच्या टोकाला जोडली. तिथला व्होल्टेज जवळजवळ तिप्पट. रेझिस्टर तोच, परिणाम निराळा.

पॉवर व्हॉल्व्हच्या कॅथोडला मात्र हयगय नको. फेंडर चँपमध्ये तिथे 470 ओहम असतो. त्यातून 40 मिलिअँपिअर गेले की पाऊण वॉट उष्णता होते. पाव वॉटचा तिथे जळून जाईल. पाच वॉटचा घ्या. आणि बदलायला हात घालण्याआधी फिल्टर कपॅसिटर रिकामे करा: प्लग काढल्यावरही त्यांत शेकडो व्होल्ट टिकून असतात.