पार्किन्सनमध्ये पाय दुखतो, तेव्हा
काट्यावर पडलेला पाय वेदना जाणवण्याआधीच मागे ओढला जातो. ही मज्जारज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया. मेंदूतून खाली येणारे डोपामिनचे संदेश तिला आवर घालतात. पार्किन्सनमध्ये डोपामिन कमी पडते, त्यामुळे ही क्रिया थोड्याशा उत्तेजनानेही सुरू होते. लिवोडोपापासून शरीरात डोपामिन तयार होते. ते दिल्यावर पाय ओढला जाण्यासाठी जास्त तीव्र उत्तेजन लागते, असे पायाच्या नसेला विजेचे झटके देऊन केलेल्या चाचण्यांत दिसले आहे.

पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की तुमचा पाय दुखतो का? मग निव्वळ गुडघ्याला दोष देऊन पेनकिलर घेत राहू नका. दुखण्याची आणि गोळीची वेळ आठवडाभर वहीत लिहा, न्यूरोलॉजिस्टना दाखवा. डोस स्वतःहून वाढवू नका. अचानक बंद करणे तर धोक्याचेच.