पाणी उलटं का फिरतं, आणि त्याला कोण अडवतं?

मागच्या व्याख्यानात आपण ‘कारण’ या शब्दाची फोड केली. आज तोच धागा धरून थेट घरातल्या नळापर्यंत जाऊ. तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात प्लंबिंग कशाला, असं कुणाला वाटेल. पण नळाचं पाणी आपण विश्वासाने पितो, त्या विश्वासाला आधार काय? हा प्रश्न आम्हांला तरी ज्ञानमीमांसेचाच वाटतो.

पाण्याला स्वतःची दिशा नसते. जिकडे दाब कमी, तिकडे ते जातं. हा फरक उलटला की प्रवाहही उलटतो, आणि तो दोन प्रकारे उलटतो.

पहिला प्रकार, पुढचा दाब वाढणं. १० मीटर उंचीचं पाणी तळाशी दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलोचा दाब देतं. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर बंद केली, की पाइपात उभं असलेलं पाणी आपल्याच भाराने मागे यायला बघतं.

दुसरा प्रकार, मागचा दाब कमी होणं. आपल्याकडे अनेक शहरांत पाणी ठरावीक तासच येतं. पुरवठा बंद झाला आणि उताराकडच्या घरात कुणी नळ उघडला, की पाइप रिकामा होऊ लागतो. अशा वेळी वरच्या अंगाला कुणाचा नळ उघडाच राहिला असेल आणि त्याची रबरी नळी गोठ्यातल्या हौदात बुडालेली असेल, तर हौदातलं पाणी पाइपात शिरतं. आपण म्हणतो, पाइपाने पाणी ‘ओढलं’. हा शब्द फसवा आहे. पोकळी काही ओढत नाही. हौदावरची हवा पाण्याला आत ढकलते. टॉरिचेलीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीचा जो प्रयोग मांडला, त्याचं मर्म हेच.

याची किंमत किती असू शकते? १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या दोन हॉटेलांत सदोष जोडण्यांमुळे सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं. अमीबाजन्य आमांशाची साथ आली आणि ९८ माणसं दगावली.

इथे कामाला येतो तो नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, प्लंबरच्या भाषेत एनआरव्ही. आत वरून टांगलेली एक झडप असते. पाणी पुढे जात असेल तोवर ती उघडी राहते. पाणी मागे फिरलं, की तेच पाणी तिला बैठकीवर दाबून धरतं. परतीचा दाब जितका जास्त, तितकी ती घट्ट बसते. स्प्रिंगच्या प्रकारात प्रवाह मंदावतानाच झडप मिटते, त्यामुळे पाइपात ‘धाड्’ असा आवाज सहसा होत नाही. व्हॉल्व्हच्या अंगावर बाण असतो. उलटा बसवला तर पाणी पुढे जाणारच नाही.

मग प्रश्न सुटला का? नाही. बैठकीवर वाळूचा कण अडकतो, क्षार साचतात, रबर कडक होतं, आणि झडप पुरती मिटत नाही. गंमत अशी की हे आपल्याला कळत नाही. सरळ दिशेने पाणी नेहमीसारखं येतच राहतं. रोजचा अनुभव ‘सगळं ठीक आहे’ असं सांगतो, पण उलट दिशेची परीक्षा त्या अनुभवाने कधी घेतलेलीच नसते. म्हणून काही ठिकाणी दोन व्हॉल्व्ह एकापाठोपाठ बसवतात आणि ते वेळोवेळी तपासतात.

सगळ्यांत खात्रीचा उपाय मात्र व्हॉल्व्हविनाच होतो. बेसिनचा नळ नीट पाहा. त्याचं तोंड काठाच्या वर असतं. ही मधली हवेची फट तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट आणि किमान २५ मिलिमीटर असावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. बेसिन तुडुंब भरलं तरी पाणी काठावरून सांडेल, नळात परत चढणार नाही. या फटीत हलणारा भाग नाही, झिजणारं रबर नाही. ती शाबूत आहे की नाही हे डोळ्यांना दिसतं. झडपेबद्दल तसं म्हणता येत नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर एवढं करा. बादलीत किंवा पिंपात नळाची नळी बुडालेली असेल, तर ती बाहेर काढून काठाच्या वर अडकवा. आता आपण प्रश्न घेऊ.