हिंगोलीच्या पोराने रणजी गाठायची कशी?

दसरा संपला, थंडी पडायला लागली की हिंगोली जिल्ह्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, कुठंही जा; मोकळ्या रानात नाहीतर शाळेच्या पटांगणावर चुन्याने आखलेली खेळपट्टी, पुढाऱ्याच्या नावाचा चषक आणि लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री. त्यात एखादा पोरगा असे षटकार मारतो की बघणारे म्हणतात, ह्याला इंडियातच खेळवायला पाहिजे. आणि मग त्याचा बाप विचारतो, पुढं काय करायचं? त्या बापासाठी हे लिहितो आहे.

आधी नकाशा समजून घ्या. महाराष्ट्र राज्य एक, पण रणजीत त्याचे संघ तीन: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. पैनगंगेपलीकडचा वाशिम किंवा यवतमाळचा मुलगा नागपूरच्या विदर्भ क्रिकेट संघटनेकडे जातो. अलीकडचा हिंगोलीचा मुलगा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे. त्याच्या निवड चाचण्यांची वाट पुण्याकडे जाते. म्हणजे रात्रभराचा प्रवास आणि सकाळी नेटमध्ये जेमतेम काही चेंडू. तेवढ्यात स्वतःला दाखवायचं.

पायऱ्या ठरलेल्या आहेत. सोळा वर्षांखालील मुलांसाठी विजय मर्चंट करंडक. तिथे डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवतात. जन्मदाखल्यात वय चोरलेलं असेल तर ते तिथं उघडं पडतं. एकोणीस वर्षांखाली एकदिवसीय सामन्यांसाठी विनू मंकड आणि अनेक दिवसांच्या सामन्यांसाठी कूचबिहार करंडक, मग तेवीस वर्षांखाली सी. के. नायडू करंडक, आणि त्यापुढे रणजी. या सगळ्या वाटेवर टेनिस बॉल कुठेच नाही. लाल चेंडू हवेत वळतो, टप्पा पडल्यावर शिवणीवरून आत-बाहेर जातो, तिसऱ्या दिवशी खाली राहतो. मॅट अंथरलेल्या खेळपट्टीवर वाढलेल्या मुलाची पावलं चेंडू एकसारखा उसळणार म्हणून आपोआप पडत असतात. टर्फवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर, पहिल्याच षटकात तो पायचीत होतो आणि घरी येऊन म्हणतो, निवड ओळखीवर होते. कधी तसं होतही असेल. पण बहुतेक वेळा त्याने ती खेळपट्टी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलेली असते.

आता माणसाचं उदाहरण घेऊ. संजय बांगर. जन्म बीडचा, ११ ऑक्टोबर १९७२. कनिष्ठ गटांत तो महाराष्ट्र आणि मुंबईकडून खेळला, पण मोठ्या संघाचं दार त्याच्यासाठी १९९३-९४ च्या हंगामात रेल्वेने उघडलं. रेल्वेच्या संघात खेळणं म्हणजे नोकरीसह क्रिकेट. गावाकडून आलेल्या खेळाडूला याचं मोल किती, हे वेगळं सांगायला नको. महिन्याचा पगार हातात आला की बाप ‘आता खेळ पुरे’ म्हणत नाही. पुढे रेल्वेने २००१-०२ मध्ये पहिल्यांदा आणि २००४-०५ मध्ये दुसऱ्यांदा रणजी जिंकली. त्या काळात बांगर हा या संघाचा आधार होता.

भारताची टोपी मिळाली डिसेंबर २००१ मध्ये, इंग्लंडविरुद्ध मोहालीला. वय एकोणतीस. दोन-तीन महिन्यांत नागपूरला झिम्बाब्वेविरुद्ध नाबाद शतक. पण त्याचा खरा दिवस ऑगस्ट २००२ मधला, इंग्लंडविरुद्ध हेडिंग्लीचा. आभाळ भरलेलं, खेळपट्टी ओलसर, आणि तरीही सौरव गांगुलीने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली. सेहवाग लवकर गेला. मग बांगर आणि राहुल द्रविड उभे राहिले. चेंडू अंगावर घेतले, बाहेरचे सोडून दिले. बांगरने २३६ चेंडूंत ६८ धावा केल्या आणि दोघांनी १७० धावांची भागी केली. नंतर द्रविड १४८, तेंडुलकर १९३, गांगुली १२८; भारत एक डाव ४६ धावांनी जिंकला. धावफलकावर ते ६८ लहान दिसतात. माझ्या मते त्या विजयाची पायाभरणी तिथेच झाली. सकाळी दोन-तीन गडी झटपट गेले असते तर पुढची शतकं झालीच नसती.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात, न्यूझीलंड दौऱ्यात, त्याची कसोटी कारकीर्द थांबली. बारा कसोटी, एक वर्ष. २००३ च्या विश्वचषकाच्या संघात तो होता, पण एकाही सामन्यात उतरता आलं नाही. तरीही तो २०१३ पर्यंत खेळत राहिला: १६५ प्रथमश्रेणी सामने, आठ हजारांवर धावा, ३०० बळी. पुढे २०१४ ते २०१९ तो भारतीय संघाचा फलंदाजी प्रशिक्षक होता. कारकीर्द मोजायची तर ही सगळी मोजा. एका वर्षाचं कसोटी क्रिकेट वीस वर्षांच्या देशांतर्गत क्रिकेटवर उभं होतं.

मराठवाड्यात हा एकटा नाही. जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या. पैठणच्या अंकित बावणेने २०१६ मध्ये रणजीत दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळेसोबत ५९४ धावांची अभेद्य भागी केली. बावणेला भारताची टोपी मिळाली नाही, म्हणून त्याची कारकीर्द वाया गेली असं म्हणणाऱ्याशी मी भांडेन. २०२१ मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाने ठरवलेल्या दरानुसार चाळीसहून जास्त सामने खेळलेल्या रणजीपटूला दिवसाला ६० हजार रुपये मिळतात, नवख्याला ४० हजार. हा इज्जतीचा पेशा आहे.

आणि बीडचाच सचिन धस. २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य फेरी, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध २४५ चा पाठलाग, ४ बाद ३२. तिथून सचिनने ९६ धावा काढल्या, उदय सहारनसोबत १७१ जोडल्या आणि भारत अंतिम फेरीत गेला.

बीड, जालना, पैठणच्या पोरांना जे जमलं ते हिंगोलीच्या पोरालाही जमावं, म्हणून इथे चषक देणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. यंदा एका स्पर्धेचं बक्षीस बाजूला ठेवा आणि जिल्ह्यात मुलांच्या सरावासाठी टर्फची एक चांगली खेळपट्टी घाला. तिला लागते ती चिकण काळी माती आपल्या पायाखालीच आहे. वर लागतो एक रोलर, पाणी आणि रोज सकाळी तिच्याकडे बघणारा एक पगारी माणूस.