शाळेसाठी संगणक: आधी वीज, मग वेग

पळस्पे फाट्याजवळच्या कोनसारख्या गावात शाळेसाठी संगणक घ्यायचे ठरले, की बोलणी बहुधा प्रोसेसरपासून सुरू होतात. माझ्या मते ती शाळेतल्या प्लगपासून सुरू व्हावीत.

याचं चांगलं उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचा भारतातला प्रयोग खैरात इथल्या एकशिक्षकी मराठी शाळेत झाला. मुलांच्या हातात आलेल्या एक्सओ लॅपटॉपची मेमरी होती अवघी २५६ एमबी. पण त्यात पंखा नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती. कीबोर्डवर अखंड रबरी आवरण होतं, पडदा उन्हातही वाचता येई आणि वीज अगदी थोडी लागे. शंभर डॉलरचं उद्दिष्ट गाठता आलं नाही, किंमत पावणेदोनशेच्या वर गेली. तरी यंत्र आखणाऱ्यांनी मूल कुठे बसतं याचा विचार आधी केला होता, आणि तो क्रम मला आजही बरोबर वाटतो.

आता हिशेब करू. साधा डेस्कटॉप मॉनिटरसह ८० ते १०० वॉट घेतो, म्हणजे दहा संगणकांना जवळपास १,००० वॉट. छोटा मिनी पीसी मॉनिटरसह साधारण ४० वॉटमध्ये भागतो. दहांना ४०० वॉट. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॉट-तास देते, प्रत्यक्षात बाराशेच्या आसपास धरावेत. वीज गेल्यावर डेस्कटॉप तासभर टिकतील, मिनी पीसी तीन तास. एवढ्या भाराला इन्व्हर्टरची क्षमता पुरते का, तेही दुकानातच पाहून घ्यावं.

जून ते सप्टेंबरची दमट हवा हा कोकणातला दुसरा प्रश्न. यंत्रं जमिनीपासून वर, भिंतीपासून थोडी लांब ठेवावीत आणि सुट्टीतही अधूनमधून चालू करावीत.

मुलांना मराठी टंकलेखन, स्क्रॅच, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ एवढं करायचं, तर ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरे. पैसे कमी पडले तर प्रोसेसर हलका घ्या, पण एसएसडी सोडू नका. कंपन्यांकडून जुने संगणक देणगीत येतात, ते जरूर घ्यावेत. फक्त पिढी विचारावी. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुन्या यंत्रावर लिनक्स टाका. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यातही मिळतो.

शिक्षकांना मात्र स्वतंत्र लॅपटॉप हवाच, आणि तो सर्वांत आधी घ्यावा. यूडायसची माहिती भरणं, शालार्थचं काम, उद्याच्या तासाची तयारी हे सगळं मुलांच्या संगणकावर होऊ लागलं, की मुलं बाहेर उभी राहतात. प्रोजेक्टरला जोडण्यासाठी एचडीएमआय, बरा कॅमेरा, सहा तास चालणारी बॅटरी आणि घरी नेण्याची लेखी परवानगी, एवढं पाहावं. वॉरंटी शाळेत येऊन दुरुस्ती करणारी असावी. नाहीतर यंत्र पनवेलला नेण्या-आणण्यात शिक्षकांचाच दिवस जातो. इन्व्हर्टरची बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तिचे पैसे पहिल्याच अंदाजपत्रकात बाजूला काढावेत.